मामा, मारुती आणि तीन बार

आपल्या धंद्यात एक जुना प्रश्न असतो. सर्व्हर खरंच स्लो आहे, की सर्व्हरवर लक्ष ठेवणारा मॉनिटर थापा मारतोय? आधी मॉनिटर तपासावा, मग सर्व्हरला हात लावावा, हे सगळ्यांना पाठ असतं. रात्री अडीच वाजता मात्र ते कुणीच करत नाही. :) यावेळचा लेख याच प्रश्नावर आहे, फक्त सर्व्हरच्या जागी तीन सिलिंडरचं एक इंजिन आहे आणि डेटा सेंटरच्या जागी जालन्यातली पत्र्याची शेड.

तर मंडळी, थोडी पार्श्वभूमी. माझ्या मामांचं जालन्यात अंबड रोडला गॅरेज आहे. तीस वर्षं मामांनी कार्बोरेटर उघडले, जेट फुंकले, फ्लोट वाकवले. स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून टॅपेटचा आवाज ऐकणारी जी पिढी आहे ना, त्यातले ते. "जालना, सोने का पालना" ही म्हण जालनेकर अजून अभिमानाने सांगतात. मामांच्या बाबतीत तो पाळणा गेली काही वर्षं जरा कुरकुरायला लागला होता.

कारण साधं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ आलं आणि नव्या बाईकमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. इंजेक्शन आपल्याकडे त्याआधी नव्हतं असं नाही. हीरो होंडाने २००६ मध्येच ग्लॅमर एफआय आणली होती. बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय काढली आणि २००९ मध्ये त्याच २२० ला परत कार्बोरेटर लावला! त्यामुळे कितीतरी मेकॅनिकांची समजूत झाली की हे इंजेक्शनचं खूळ येतं आणि जातं. २०२० मध्ये ते आलं आणि मुक्कामालाच राहिलं.

गेल्या दिवाळीत मामा जेवता जेवता म्हणाले, "भाचे, शेड देऊन टाकावी म्हणतोय. आता पोरं गाडी आणतात, मी नुसता टाकीकडं बघत बसतो. वायरीच वायरी. कुठून सुरू करावं तेच कळंना." मामी काही बोलल्या नाहीत. मामेभाऊ आयटीआय करतोय, तो ताटाकडे बघत बसला. गिऱ्हाईक कोण घेणार होतं, भाव काय ठरणार होता, हे सगळं मामांनी आधीच मनात लावून ठेवलेलं दिसत होतं.

मी म्हटलं, "मामा, शेड विकायच्या आधी एक गाडी आपण स्वतः इंजेक्शनवर करून बघू. मोडली तर आपलीच मोडेल."

गाडी होतीच. मामांची स्वतःची कार्बोरेटरवाली मारुती ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, शेडच्या मागे धूळ खात पडलेली. भंगारातून एमपीएफआय ८०० चं इनटेक मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर आणि टाकीतला पंप मिळाला. ईसीयू म्हणून स्पीडुइनो घेतला. हा आर्डुइनो मेगा २५६० वर चालणारा ओपन सोर्स ईसीयू, ऑस्ट्रेलियातल्या जोश स्टुअर्टने सुरू केलेला. त्याच्याही आधी, २००१ च्या सुमारास, बोलिंग आणि ग्रिपो या दोघा अमेरिकनांनी मेगास्क्वर्ट काढला आणि घरच्या घरी इंजेक्शन बसवण्याचं वेड जगभर पसरलं. कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तो बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे ही ८०० मामांच्या शेताच्या वाटेपलीकडे गेलेली नाही. तुम्हीही नेऊ नका.

आता इंजेक्शन म्हणजे नेमकं काय, ते दोन मिनिटांत. कार्बोरेटरमध्ये हवाच पेट्रोल ओढून घेते. इंजेक्शनमध्ये ईसीयू हिशोब करतो. मॅनिफोल्डमधला दाब किती, हवेचं तापमान किती, इंजिनचे फेरे किती, त्यावरून आत किती हवा गेली ते ठरवतो आणि तेवढ्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल सोडायला इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो. कल्पना जुनीच आहे. बॉशने १९६७ मध्ये फोक्सवॅगनसाठी डी-जेट्रॉनिक काढलं, त्यातला डी म्हणजे ड्रुक, जर्मनमध्ये दाब. तिथेही मोजायचा तो मॅनिफोल्डमधला दाबच.

पण गंमत अशी की आमच्या या साध्या सेटअपमध्ये पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नाही. ईसीयू गृहीत धरतो की रेलमध्ये ३ बार दाब आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर ३ बार हा हार्डकोडेड कॉन्स्टंट आहे. सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट बदलत नाही. गाडीत तो पंप, फिल्टर, रेग्युलेटर आणि एक वायर यांच्या मर्जीवर असतो.

म्हणून पहिल्या शनिवारी आम्ही इंजिन सुरूच केलं नाही. आधी सेन्सर.

मॅप सेन्सरपासून सुरुवात केली. चावी ऑन, इंजिन बंद, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा. मामेभाऊ म्हणाला, "दादा, पुस्तकात १०१ किलोपास्कल लिहिलंय, इथं ९५ दाखवतोय. सेन्सर गेला का?" सेन्सर बरोबर होता. १०१ हा आकडा समुद्रकाठचा. जालना समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटरवर आहे, तिथे ९५ च्या आसपासच यायला हवं. मुंबईत बसून कुणी लिहिलेला आकडा जालन्यात जसाच्या तसा लावला असता, तर कॅलिब्रेशनच्या नावाखाली चांगला सेन्सर आपण बिघडवला असता.

मग कूलंटचा तापमान सेन्सर. हा थर्मिस्टर, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. सॉफ्टवेअरला तीन तापमानं आणि त्या तीन ठिकाणचे ओहम द्यावे लागतात, मधला वक्र ते स्वतः काढतं. मामींच्या स्वयंपाकघरातून पातेलं आलं (त्या पातेल्यात नंतर चहा होणार नाही, या अटीवर). वितळत्या बर्फात सहा हजार ओहमच्या जरा खाली. सावलीतल्या पाण्यात, ३६ अंशाला, तेराशे-चौदाशे. उकळत्या पाण्यात दोनशेच्या आसपास. इथेही तीच गोष्ट: जालन्यात पाणी १०० ला उकळत नाही, ९८ च्या थोडं वर उकळतं. दोन अंशांनी जग बुडत नाही, पण माहीत असलेली चूक कशाला भरायची?

थ्रॉटलचा सेन्सर त्या मानाने सोपा. पाय सोडला की शून्य, पूर्ण दाबला की शंभर. मात्र हे बॉनेटपाशी उभं राहून हाताने करायचं नाही, सीटवर बसून पायाने करायचं. केबल सैल असेल तर हाताने शंभर येतं आणि पायाने ९२.

शेवटी सायलेन्सरमधला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. तो बाहेर काढून मोकळ्या हवेत, तिथल्या २०.९ टक्के ऑक्सिजनवर जुळवला. आणि इथे एक आजचा मुद्दा आहे. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागतं, हे सगळ्या जुन्या पुस्तकांत असतं. पण २०२५ पासून आपल्या पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल घातलेलं, त्याचं नेमकं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. घनसावंगीकडच्या उसाचा अंश आता टाकीत आहे म्हणा ना! म्हणून एएफआरपेक्षा लॅम्डा बघणं शहाणपणाचं. लॅम्डा १ म्हणजे बरोबर, मग इंधन कुठलंही असो. खाली मी एएफआरचे आकडे देतोय ते मीटरवर जुन्या पेट्रोलच्या पट्टीत दिसणारे आहेत, कारण तेच सगळ्यांच्या ओळखीचे.

इंजिन सुरू झालं. सकाळी गाडी छान चालली. मामांनी शेताच्या वाटेवर दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढवला, मीटरवर १३. झकास. दुपारी दोन वाजता तोच चढ, तोच गिअर, आणि गाडी मध्येच श्वास अडकल्यासारखी करायला लागली. मीटरवर १६ च्या जवळ. पेट्रोल कमी पडत होतं.

शेजारचे दोघे-तिघे जमले. मे महिन्यातलं जालना, एकमताने निदान झालं: पेट्रोलची वाफ होतेय, पंपावर ओलं फडकं टाका. कार्बोरेटरच्या काळात हे खरं होतं. इंजिनवर बसवलेला जुना डायाफ्रामचा पंप पाव बारच्या आसपासच दाब द्यायचा, तापलेल्या नळीत पेट्रोल सहज उकळायचं. पण ३ बारखाली, सतत टाकीकडे परत फिरत राहणारं पेट्रोल चालत्या गाडीत इतक्या सहजासहजी उकळत नाही.

दुसरा मोह लॅपटॉपवर होता. ऑटोट्यून नावाची सोय असते. मीटर १६ दाखवतोय ना, मग सॉफ्टवेअर त्या चौकोनातला आकडा आपोआप वाढवतं, जास्त पेट्रोल सोडतं, दहा मिनिटांत मीटर परत १३! मामेभावाचं बोट बटणावर होतं. मी म्हटलं थांब. आत्ता बटण दाबलं तर दुपार सुधारेल आणि उद्या सकाळी गाडी काळा धूर सोडेल. कारण दोष हिशोबात नाही, कॉन्स्टंटमध्ये असू शकतो. मग त्या दोषावर बेतलेला नकाशा तयार होईल आणि खरा दोष सापडण्याची वाटच बुजेल.

गणित करून पाहिलं. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. ३ बारचा दाब २ बारवर आला तर पेट्रोल एक तृतीयांशाने नाही, साधारण १८ टक्क्यांनी कमी होतं. १३ भागिले ०.८२ करा. १५.९. मीटरवरचा आकडा!

म्हणजे संशयित ठरला, आता पुरावा. रेलला टी लावून प्रेशर गेज जोडला. (हे करण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे दाब उतरतो. आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवायचा. कार्बोरेटरची रबरी नळी इथे चालत नाही, इंजेक्शनसाठीची जाड नळीच लागते. ३ बारने उडालेलं पेट्रोल गरम सायलेन्सरवर पडलं तर दुसरी संधी मिळत नाही.)

गेज काय सांगतो ते मामांनी चुन्याने भिंतीवर लिहून ठेवलंय, ते असं. पंप बंद केल्यावर दाब भरकन उतरला तर पंपाचा चेक वाल्व, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. आयडलला दाब कमी असेल तर परतीची नळी क्षणभर दाबून बघा. दाब चढला तर रेग्युलेटर, नाही चढला तर पंप, फिल्टर किंवा वीज. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढल्यावर दाब अर्धा बारभर वाढायला हवा, आणि त्या नळीत पेट्रोलचा वास आला तर आतला पडदा फाटलाय. आणि उभ्या गाडीत दाब बरोबर पण चढावर पडत असेल, तर पंपाला माल पुरवता येत नाहीये.

गेज बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून काचेवर बाहेरच्या बाजूने चिकटवला. आत घ्यायचा नाही, पेट्रोल आहे त्यात. चढाला काटा ३ वरून २ वर. पुरावा मिळाला, पण कारण नाही. फिल्टर नवा होता. पंप भंगारातला, जुना, पण सकाळी तोच पंप ३ बार देत होता.

संध्याकाळी मी लॉग उघडून बसलो. त्यात एक विचित्र गोष्ट दिसली. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की कूलंटचं तापमान त्याच क्षणी ५ अंशांनी वर उडी मारत होतं, पंखा बंद झाला की तितकंच खाली. चार लिटर पाणी अर्ध्या सेकंदात ५ अंश तापत नाही. ही वीज बोलत होती, पाणी नाही. गरम सेन्सरवर सगळा मिळून अर्धा व्होल्टही नसतो, त्यामुळे अर्थिंगमध्ये ५० मिलिव्होल्टचा फरक पडला तरी एवढी उडी दिसते.

मी हे मामांना दाखवायला गेलो, तर मामा मागच्या सीटच्या जागी आडवे पडलेले. सीट काढून ठेवलेली, कान पत्र्याला. "ऐक बरं," म्हणाले. "पंखा लागला का हिचा आवाज बसायलाय." मामेभावाने पंखा सुरू केला. पंपाची गुणगुण खरंच अर्धा सूर खाली गेली. मला ती तोवर ऐकूच आली नव्हती. बंद केला, वर आली.

"तुझ्या डबड्यात काय म्हणतंय?" मामांनी विचारलं.

"पंख्यावरच बोट ठेवतंय, मामा."

"मंग मोज की."

मल्टिमीटर घेऊन, पंप चालू ठेवून, वायरीच्या दोन्ही टोकांमध्ये किती व्होल्ट हरवतात ते मोजलं. पंपाला वीज जुन्या इग्निशनच्या बारीक वायरीतून मिळत होती आणि पंख्यालाही तिथूनच. पंखा बंद असताना तिथे ०.८ व्होल्ट हरवत होते, पंखा सुरू झाला की १.९. पंपाचं अर्थिंग मागच्या बोल्टला, बोल्टखाली रंग, तिथे आणखी ०.७. बॅटरीपाशी १३ च्या वर असणारी वीज पंपापर्यंत पोचताना साडेदहा उरत होती. सकाळी पंखा लागतच नव्हता, म्हणून सकाळी गाडी छान. दुपारचा दोष उन्हाचा होता हे शेजाऱ्यांचं म्हणणं तसं खरंच, फक्त ऊन पेट्रोलमार्गे न येता पंख्यामार्गे येत होतं.

उपाय रविवारी सकाळी दोन तासांचा. बॅटरीपासून पंपाला स्वतंत्र फ्यूज, रिले आणि अडीच चौरस मिमीची वायर. रिले ईसीयूच्या ताब्यात, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद, अपघातात पेट्रोल ओतत राहू नये म्हणून. रंग खरवडून अर्थिंग. इंजिन आणि बॉडीमध्ये एक जाड पट्टी. सेन्सरचं अर्थिंग थेट ईसीयूला. दुपारी दोन वाजता, पंखा आणि हेडलाइट दोन्ही लावून, तोच चढ: काटा ३ वर, मीटर १३ वर. तापमानाची उडीही गेली. टेबलमधला एक आकडाही बदलावा लागला नाही. ऑटोट्यून त्यानंतर चालवलं, बारीकसारीक सफाईसाठी.

या सगळ्याला मी आल्यागेल्याचे पाच शनिवार-रविवार लागले. पुण्यात कुणाला सांगितलं की "एवढ्यासाठी?" म्हणतात. पण गोष्ट ८०० ची नव्हतीच.

जूनमध्ये एका मुलाची बीएस-६ बाईक आली. चढाला दम तोडते, दुसरीकडे त्याला ईसीयू बदला म्हणून सांगितलेलं. पैशांचा आकडा ऐकून तो पोरगा रडकुंडीला आलेला. मामांनी फोनवर मला विचारलं नाही, नंतर नुसतं सांगितलं. आधी पंपाचा आवाज ऐकला, मग मामेभावाने गेज लावला, मग मीटर. टाकीखालच्या कनेक्टरची एक पिन गंजलेली होती. ती साफ केली, कनेक्टर बदलला, गाडी गेली. किती घेतले विचारल्यावर मामा म्हणाले, "दोनशे. जास्त कसले घेतो, कनेक्टरच तर बदलला."

इथे मात्र आमचं वाजलं. मी म्हटलं, मामा, बदलायच्या कनेक्टरचे दोनशे, पण शोधायचे किती? आमच्याकडे शोधायचेच पैसे देतात, दुरुस्ती तर एका ओळीची असते. मामांना हे काही पूर्ण पटलेलं नाही. न बदललेल्या वस्तूचे पैसे गिऱ्हाइकाकडून मागायचे कसे, हा त्यांचा प्रश्न आहे आणि अंबड रोडवर तो खरा प्रश्न आहे. तीस वर्षं त्यांनी पार्टसोबत कान फुकट दिला. कार्बोरेटरच्या काळात ते चालून गेलं, कारण कामं भरपूर होती. इंजेक्शनमध्ये पार्ट कमी आणि शोधणंच जास्त आहे. शेड टिकायची तर या शोधण्याला दर लावावा लागेल. मामेभावाने सध्या पाटीवर लिहून टाकलंय: इंजेक्शन चेकिंग, ३०० रुपये. मामांनी ती पाटी अजून पुसलेली नाही, एवढं मात्र खरं.

शेडच्या गिऱ्हाइकाला त्यांनी दसऱ्यापर्यंत थांबायला सांगितलंय. नाही म्हणून सांगितलेलं नाही.

असो. ८०० ची एक तक्रार अजून शिल्लक आहे. गरम इंजिन बंद करून वीस मिनिटांनी सुरू केलं की दोनदा चावी मारावी लागते. माझा संशय दाब धरून न ठेवणाऱ्या चेक वाल्ववर आहे, मामांचा एका इंजेक्टरवर. पुढच्या वीकएंडला जालन्याला जातोय, गेज घेऊन. निकाल इथेच कळवीन. तुमच्यापैकी कुणाचा काका, मामा, शेजारी असाच कार्बोरेटरवाला असेल, तर त्याला लॅपटॉप नका देऊ. आधी एक प्रेशर गेज घेऊन द्या, आणि त्याच्या शेजारी बसून पंपाचा आवाज ऐका.